पहिल्यांदाच स्वयंसेवक होताय? यवतेश्वरच्या घाटातून सुरुवात करा

ऑलिंपिक, राष्ट्रकुल किंवा एखाद्या जागतिक स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम करायची हौस बऱ्याच जणांना असते. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा तर अहमदाबादलाच व्हायच्या आहेत, त्यामुळे 'परदेशी कोण जाणार' ही सबबही उरली नाही. पण अर्जात 'यापूर्वीचा अनुभव' असा एक रकाना असतो आणि तिथे बहुतेकांचा हात अडतो. पॅरिसने २०२४ साठी सुमारे ४५ हजार स्वयंसेवक घेतले, अर्ज आले होते ३ लाखांच्या वर. एवढ्या गर्दीत कोरा रकाना घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा रकाना भरायला लांब जावं लागत नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (सुमारे २१ किलोमीटरची शर्यत) पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून वळायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. पाऊस, धुकं, वारा आणि येण्याजाण्याला एकच रस्ता. इथलं पाण्याचं टेबल ज्याने नीट सांभाळलं, त्याला सपाटीवरची कुठलीही शर्यत जड जाणार नाही. म्हणून आधी घाटातलं काम समजून घेऊ, मोठ्या स्पर्धेच्या अर्जाकडे नंतर वळू.

एक गोष्ट आधीच मान्य करा: स्पर्धा बघायला मिळणार नाही. पहिला कोण आला हे तुम्हाला बहुधा घरी गेल्यावर कळेल. ते चालणार नसेल तर प्रेक्षक म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहावं, तेही मोलाचंच काम आहे.

१. काम आधी ठरवा, मग नाव द्या

आयोजकांचा स्वयंसेवकांचा फॉर्म साधारण महिना-दीड महिना आधी निघतो. त्यात 'कोणतंही काम चालेल' असं लिहिलं की उरलेलं काम वाट्याला येतं. पहिल्याच वेळी तीनपैकी एक निवडा: आदल्या दिवशीचं बिबवाटप (बिब म्हणजे धावपटूने छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद), मार्गावरचं पाण्याचं टेबल, किंवा शेवटच्या रेषेवर पदकं आणि सामान. चौकातली मार्शलची, म्हणजे रस्ता दाखवण्याची आणि इशारा देण्याची जबाबदारी दुसऱ्या वर्षी घ्या. वैद्यकीय पथकात प्रशिक्षित माणसंच असतात, तिकडे 'मदतीला' म्हणून घुसू नका.

बिबवाटपाचं थोडक्यात सांगतो. बिब क्रमांकाने लावलेले असतात, नावाने नाही. तेव्हा रांगेतल्या माणसाला आधी क्रमांक विचारा आणि ओळखपत्र बघूनच बिब द्या. बहुतेक ठिकाणी वेळ मोजायची चिप बिबच्या मागेच चिकटवलेली असते. ती दुमडली किंवा पट्ट्याखाली दाबली गेली की धावपटूची वेळ नोंदली जात नाही आणि दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात. 'घडी घालू नका, छातीवरच लावा, मागच्या बाजूला आपत्कालीन नंबर लिहा' ही तीन वाक्यं प्रत्येकाला सांगायची, हजाराव्या माणसालाही. मित्राचा बिब दुसऱ्याने घालून धावणं हा निव्वळ शिस्तीचा प्रश्न नाही. तो माणूस कोसळला तर डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाचं वय, रक्तगट आणि घरचा फोन पडतो.

२. अंगावर काय, पिशवीत काय

छत्री घरी ठेवा. एक हात अडकतो आणि काडी धावणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. रेनकोट किंवा पोंचो आणा, पायात पकड असलेले बूट घाला, जादा मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. शिट्टी, छोटी विजेरी, भरलेली पॉवर बँक, खाण्याचा डबा. घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे टेबलप्रमुख, नियंत्रण कक्ष आणि जवळच्या रुग्णवाहिकेचा नंबर कागदावर लिहून पिशवीत घाला. पहाटे रस्ता बंद झाला की वर जायला गाडी मिळत नाही. स्वयंसेवकांची बस चुकली तर दुचाकीवरून येऊ असं धरून चालू नका, पोलीस सोडणार नाहीत आणि ते योग्यच आहे.

३. पाण्याचं टेबल: हिशेब

लोणंद-फलटणला पालखीत पाणी वाटलेल्यांना वाटतं की हे आपल्याला येतंच. फरक एवढाच की वारकरी थांबून पाणी पितो, धावपटू थांबत नाही. सगळी मांडणी या एका गोष्टीवरून ठरते.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांत पाणी साधारण दर ५ किलोमीटरला हवं असं आहे. आपल्याकडच्या दमट हवेत आणि चढावर आयोजक याहून जवळजवळ टेबलं लावतात. तुमचं टेबल ५ किलोमीटरवर आहे असं धरा. २०० मिलीचा पेला पाऊण भरायचा, म्हणजे १५० मिली. काठोकाठ भरलेला पेला धावताना नाकात जातो नाहीतर अंगावर सांडतो. काही जण दोन पेले उचलतात, काही पडतात, म्हणून हजार धावपटूंमागे १३०० पेले धरा. पाणी झालं १९५ लिटर, म्हणजे २० लिटरचे १० जार. आता नवख्यांचा हमखास चुकणारा भाग: जाऊन परत यायच्या मार्गावर तेच टेबल दोनदा लागतं. म्हणजे हजार धावपटूंना २६०० पेले आणि २० जार. फक्त चढणाऱ्यांचा हिशेब केलेल्या टेबलावर उतरताना पाणी संपतं आणि तेव्हा गरज जास्त असते.

वेळेचाही हिशेब करा. आघाडीचा धावपटू ५ किलोमीटरवर सुटल्यापासून १७-१८ मिनिटांत पोचतो. शेवटचे चालत-धावत येणारे तिथे ५० मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा येतात. आघाडीवाला वळसा घालून १६ किलोमीटरवर, म्हणजे पुन्हा तुमच्याच टेबलापाशी, पंचावन्न मिनिटांच्या आसपास हजर. थोडक्यात, शेवटचा चढत असतानाच पहिला उतरत असतो. त्यामुळे 'चढणारे संपले की टेबल फिरवू' हा बेत चालत नाही. दोन्ही बाजूंची टेबलं आणि दोन्ही बाजूंची माणसं सुरुवातीपासून वेगळी हवीत.

माणसं किती? देणारा एक जण मिनिटाला दहा-बारा पेले सहज देतो. गर्दीच्या वेळी मिनिटाला ६० धावपटू येत असतील तर देणारे सहा, भरणारे तीन-चार, पेले गोळा करणारे दोन आणि प्रमुख एक. हे एका बाजूचं झालं. प्रमुखाने स्वतः पेले द्यायला लागू नये. तो गुंतला की जार संपलेला कुणाच्याच लक्षात येत नाही.

४. पाण्याचं टेबल: मांडणी

वळणावर टेबल लावू नका. चढ संपून रस्ता जरा सपाट होतो ती जागा शोधा. उतरणारे वेगात असतात, रस्ता ओला असतो, त्यात सांडलेलं पाणी आणि चिरडलेले पेले पडले की घसरण ठरलेली. दरीची बाजू टाळा, पण डोंगराकडच्या बाजूला गटार वाहत असतं तेही बघा. टेबलाचा एक पाय गटारात गेला की सगळी रास खाली. टेबलाच्या ५० ते १०० मीटर आधी 'पाणी पुढे' असा फलक हवा.

मांडववाल्याकडच्या सहा फूट बाय दोन फूट टेबलावर एका थरात १९० च्या आसपास पेले बसतात. वर पुठ्ठा, त्यावर दुसरा थर, पुन्हा पुठ्ठा, तिसरा थर. चौथा लावू नका, डोलतो. रिकामे पेले मांडून ठेवायची घाई करू नका. यवतेश्वरला वारा उठला की रिकामा पेला कासच्या दिशेने जातो. मांडला की लगेच भरा. जारची तोटी फार सावकाश वाहते, तिच्यावर विसंबू नका. जार बादलीत ओता आणि चहाच्या लांब तोटीच्या किटलीने भरा. दोन लिटरच्या किटलीत तेरा पेले होतात आणि हात भरून येत नाही.

टेबलांमध्ये आठ-दहा मीटर अंतर सोडा. सगळे पहिल्या टेबलावर तुटून पडतात, म्हणून पहिल्या टेबलावरच्या माणसाने पाणी देता देता ओरडायचं, 'पुढेही पाणी आहे, पुढे घ्या!' मिठा-साखरेचं पेय असेल तर त्याचं टेबल वेगळं, पेले वेगळ्या रंगाचे आणि ते पाण्याच्या आधी लावा, म्हणजे पुढे तोंड खळखळता येतं. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पावडर वापरत असाल तर पाकिटावर जितकं लिहिलंय तितकंच पाणी घाला, साधारण एका मोठ्या पाकिटाला एक लिटर. 'जरा कडक करूया' म्हणून पाणी कमी केलं तर धावणाऱ्याच्या पोटात ढवळतं आणि उलटी होते.

केळी असतील तर सालासकट अर्धी करून ठेवा आणि साल टाकायचा डबा हाताशी ठेवा. खरं सांगायचं तर उतारावरच्या टेबलावर केळी नकोतच. ती शेवटच्या रेषेपलीकडे द्यावीत.

५. पेला कसा द्यायचा

अंगठा आणि दोन बोटांनी पेला काठापाशी हलका धरा, हात खांद्याच्या उंचीवर रस्त्याकडे पसरा, कोपर सैल ठेवा. धावणाऱ्याच्या डोळ्यांत बघा म्हणजे त्याला कळतं की हा पेला माझा. तो घेतो त्या क्षणी हात तो धावतोय त्याच दिशेने थोडा जाऊ द्या, म्हणजे धक्का बसत नाही. तळाशी घट्ट धरलेला पेला हमखास सांडतो. पाय रस्त्यात टाकायचा नाही, फक्त हात.

पेला घेऊन त्याच्याबरोबर पळत जायचं नाही. आघाडीच्या धावपटूंना तर मुळीच नाही. पाणी देणाऱ्याने खेळाडूबरोबर पुढे सरकू नये असा स्पर्धेचा नियमच आहे. नेमलेल्या टेबलाशिवाय मध्येच कुणी पाणी दिलं तर खेळाडूला आधी ताकीद मिळते आणि तेच पुन्हा घडलं तर तो बाद होऊ शकतो. प्रेमापोटी बाटली पुढे करणारा काका इथे नुकसान करून जातो.

ओरडायचं मात्र जरूर. 'शाब्बास ताई!', 'चला दादा, लय भारी!' याने खरंच पाय उचलतात. फक्त 'आलंच आता, थोडंच राहिलं' हे खोटं सांगू नका. चढावर निम्म्यात असलेल्या माणसाला ते ऐकून रागच येतो. टेबलाचा नेमका किलोमीटर पाठ करा आणि विचारलं तर तोच आकडा सांगा.

कचऱ्यासाठी मोठ्या पिशव्या टेबलाशेजारी लावून उपयोग नाही. माणूस पाणी पिऊन संपवतो तोवर शंभर मीटर पुढे गेलेला असतो, तेव्हा डबे तिथे ठेवा. आणखी पन्नास मीटर पुढे शेवटचा डबा. खराट्याने पेले कडेला ओढत राहायचं, वाकून एकेक उचलत बसायचं नाही. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपला एकही पेला दरीत राहता कामा नये. शेवटची स्वीप गाडी (सगळ्यात मागच्या धावपटूंमागून येणारी) गेल्यावर टेबल आवरायला लागतो त्याहून जास्त वेळ याला ठेवा.

६. रस्त्यावर उभं राहणं

मार्शल झालात तर लक्षात ठेवा, गाडी थांबवायचा अधिकार पोलिसांचा आहे, तुमचा नाही. तुम्ही रस्ता दाखवायचा, इशारा द्यायचा आणि पोलिसांना सांगायचं. घाटाच्या वरच्या गावांतली दुधाची गाडी, दवाखान्यात निघालेलं कुटुंब, कासची फुलं बघायला पहाटेच निघालेले पुण्याचे पर्यटक, सगळे तुमच्याशीच वाद घालणार. पर्यायी रस्ता आहे का आणि रस्ता किती वाजता उघडणार, ही दोन उत्तरं तोंडपाठ असली की निम्मे वाद मिटतात. रुग्णवाहिका आली तर शिट्टी वाजवून धावपटूंना एका कडेला घ्या. वळणावर उभे असाल तर खालून येणारी गाडी तुम्हाला दिसते, धावणाऱ्याला दिसत नाही. त्या जागेवरून पाच मिनिटंही हलायचं नाही, चहालासुद्धा.

७. कुणी कोसळलं तर

आधी निरोप, मग धावाधाव. निरोप असा द्यायचा: 'बिब २१४७, चढताना, साडेपाच किलोमीटर, डोंगराच्या बाजूला, शुद्धीत आहे पण असंबद्ध बोलतोय.' क्रमांक, दिशा, अंतर, बाजू, अवस्था. दिशा सांगायची राहिली तर रुग्णवाहिका घाटात उलट्या बाजूने शोधत बसते. नियंत्रण कक्ष उचलत नसेल तर १०८.

पाय धरून बसलेला, पण नीट बोलणारा माणूस बहुधा पेटक्याने अडलेला असतो. त्याला कडेला बसवा, हळूहळू ताण द्यायला सांगा. बरळणारा, झोकांड्या खाणारा, अंग तापलेला माणूस वेगळा. हवा गार आहे म्हणून उष्माघात होणार नाही असं समजू नका. पळून पळून शरीर आतूनच तापतं. त्याचे कपडे सैल करा, मान, काख, जांघ इथे गार पाणी लावत राहा आणि डॉक्टर येईपर्यंत थांबवू नका. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. गोळी कुठलीच द्यायची नाही, मागितली तरी. श्वास आणि हालचाल थांबली असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ सेंटीमीटर खोल दाब. हे वाचून येत नाही. स्पर्धेआधी एकदा प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर हात चालवून घ्या.

८. मोठ्या स्पर्धेचा अर्ज

काम संपलं की त्याच दिवशी टेबलप्रमुखाकडून लिहून घ्या: तारीख, काम, तास. महिन्याभराने कुणाला आठवत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. हे तास त्यात धरायचे असतील तर कार्यक्रम अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या.

पुढची पायरी मुंबई मॅरेथॉन, जानेवारीतला तिसरा रविवार. शनिवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून जमणार नाही, ती मुंबईला पोचेपर्यंत अर्धी शर्यत संपलेली असते. शनिवारी दुपारीच मुंबईत असायला हवं.

ऑलिंपिक-राष्ट्रकुलसारख्या स्पर्धांचे अर्ज फार आधी निघतात. पॅरिसचे २२ मार्च ते ३ मे २०२३ या काळात घेतले आणि स्पर्धा २६ जुलै २०२४ ला सुरू झाल्या. सव्वा वर्ष आधी डोळा ठेवला तरच हाती लागतं. वयाची अट सहसा १८ पूर्ण असते. अर्ज भरताना नावाची स्पेलिंग पासपोर्टवर आहे तशीच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं आणि पदवीवर आडनाव आधी, असा घोळ असतो. तो सुरक्षा तपासणीत अडतो, म्हणून आधी निस्तरा.

अनुभवाच्या रकान्यात 'समाजसेवेची आवड' लिहू नका. 'घाटातल्या हाफ मॅरेथॉनमध्ये १२ जणांच्या पाणी-टेबलावर भरणीची जबाबदारी, ६ तास' असं लिहा. जत्रेच्या मैदानात कुस्त्यांची जोड लावायला, वजन घ्यायला किंवा गुणफलकावर मदत केली असेल तर तेही लिहा. खेळ आतून कळणारी माणसं मैदानालगतच्या कामाला हवी असतात. बाकी सर्वाधिक जागा प्रेक्षकांना वाट दाखवायच्या असतात, तिथे कोणती भाषा किती येते हे प्रामाणिकपणे भरा. मुलाखतीत दोन मिनिटांत कळतं.

उत्तेजक चाचणीचा शॅपेरोन (खेळाडूवर लक्ष ठेवणारा सोबती) म्हणून निवड झाली तर काम नाजूक आहे. खेळाडूला चाचणीची सूचना दिल्यापासून चाचणीकक्षात पोचेपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, पदक घेताना, मुलाखत देतानाही. स्वतःच्या हाताने त्याला पाणी द्यायचं नाही, तो सीलबंद बाटल्यांतून स्वतः निवडतो. घाटातली पेला पुढे करायची सवय इथे विसरायची.

ओळखपत्रावरचे आकडे-अक्षरं तुम्ही कुठे जाऊ शकता ते ठरवतात. ते कुणाला वापरायला द्यायचं नाही, त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. पाळीत असताना खेळाडूंबरोबर सेल्फी नाही, सही नाही. ओळखपत्र गळ्यात असताना पैज लावणं आणि आतली बातमी बाहेर सांगणं, दोन्ही निषिद्ध. 'अमका आज लंगडत होता' हे गावातल्या ग्रुपवर टाकलेलं वाक्यही आतली बातमीच.

पैशांचं स्पष्ट बोलू. आयोजक सहसा गणवेश, पाळीतलं जेवण आणि शहरातला प्रवास देतात. तिकडे जाण्याचं भाडं, राहणं आणि व्हिसा तुमचाच. अर्जाला फी नसते. 'स्वयंसेवक म्हणून पाठवतो, भत्ता मिळेल, आधी एवढे भरा' असं कुणी म्हणालं तर तो दलाल आहे. फोन ठेवा आणि स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करा. राहायची जागा निवड झाल्याच्या दिवशीच रद्द करता येईल अशा अटीवर बुक करा, कारण स्पर्धेच्या काळात खोल्यांचे भाव चढतच जातात. आणि सुट्टी नाकारली गेली किंवा घरात अडचण आली तर लगेच कळवा. प्रतीक्षायादीतल्या माणसाचं ओळखपत्र बनायला वेळ लागतो.